न मारलेली हाक

१

दुर्गेशच्या कॅमेऱ्याला एक काळी काच होती. पंजाएवढी, आणि इतकी काळी की डोळ्यापुढं धरली तर भर दुपारचा सूर्य हळदीच्या टिकलीसारखा मवाळ दिसायचा. ती काच लावली की कॅमेरा चार-चार मिनिटं डोळा उघडा ठेवून बसायचा, आणि त्या चार मिनिटांचा मिळून एकच फोटो निघायचा.

लग्नाच्या सीझनमध्ये दुर्गेश गोंदियात शूटिंग करायचा. यंदा एका राईस मिलवाल्यानं कॅलेंडरसाठी त्याला जिल्ह्यातल्या डोंगर-तलावांचे बारा फोटो मागितले होते. म्हणून धान कापून झाल्यापासून दर रविवारी तो दरेकसाच्या वरच्या पठारावर चढायचा. वर गुडघाभर पिवळं गवत, मधूनमधून काळे खडक, आणि खाली खेळण्यासारखी दिसणारी रेल्वे लाईन.

पहिला फोटो त्यानं बायकोला, नीतूला, कौतुकानं दाखवला होता.

"पाह्य, हा फोटो निघत होता तवा खालून मालगाडी गेली. लांबच्या लांब. दिसते का?"

रूळ रिकामे होते.

"गेली कुठं मंग?"

"थांबली नाई म्हनून दिसत नाई. जे हलते ते या काचेतून पुसून जाते. जे जागचं हलत नाई, तेवढंच उरते. समजलं का, सातवी पास?"

"समजलं, बारावी नापास," नीतू म्हणाली. पण तिला ते आवडलं नव्हतं. एवढी मोठी गाडी, आत ड्रायव्हर, त्याच्या घरी कोणीतरी वाट पाहणारं. आणि फोटोत काहीच नाही.

तिचा जीवच तसा होता. लेक खुशी झाल्यापासून तीन वर्षं झाली, तरी पोर झोपली की ती दहादा उठून तिच्या नाकाखाली बोट धरायची. श्वास लागला की परत कामाला. खुशीला बाजारातून पीं-पीं वाजणारे लाल बूट आणले होते तेही त्याच हिशेबानं. ती घरामागच्या सांदवाडीत असो की पुढच्या आंगणात, आवाजावरून कळावं.

त्या रविवारी नीतू डबा घेऊन खुशीसकट पठारावर निघाली. सासू, अनुसयाबाई, दारात तांदूळ पाखडत होती.

"उतरताना टुरीले नाव घेऊन बलावजो. विसरू नोको."

"हाव, आत्याबाई."

रानात, तलावावर, कुठंही लहान लेकरू नेलं की निघताना आईनं तीनदा हाक मारायची, 'चाल घरी' म्हणायचं, आणि मागं न पाहता चालू लागायचं. का, ते कोणी सांगत नसे. नीतूच्या माहेरीही तसंच होतं. तिनं कधी विचारलं नव्हतं आणि कधी चुकवलंही नव्हतं.

वर दुर्गेशनं काच लावली आणि कॅमेरा सुरू केला. लाल स्वेटर घातलेली खुशी गवतातून नुसती उधळली. पीं-पीं, पीं-पीं, या खडकापासून त्या खडकापर्यंत, सरळ कॅमेऱ्याच्या समोरून.

"अवो, तुमच्या फोटोत येऊन राहिली ते!"

"येऊ दे. पळते आहे ना? मंग दिसत नाई."

चार मिनिटांनी त्यानं बोलावून दाखवलं. गवत धुरासारखं, ढग दुधासारखे, खडक काळेशार. खुशी कुठंच नाही. नीतूनं मान वर करून आधी पोरीला पाहिलं, मगच श्वास सोडला.

उतरायच्या वेळी, मधल्या खडकापाशी, खुशी दमून तिच्या खांद्यावर झोपली. तासभर किरकिर करून कशीबशी झोपली होती. हाक मारायला नीतूनं तोंड उघडलं आणि मिटलं. जागी झाली तर खालीपर्यंत रडेल. एक दिवस नाही मारली तर काय होतं, झोपलेलीच तर आहे, माझ्याच खांद्यावर आहे.

घरी आल्यावर पाहिलं, तर उजव्या पायात बूट नव्हता.

२

"बलावलं होतंस ना?" अनुसयाबाईनं विचारलं.

"हाव," नीतू म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्यावर ते परत आत कसं घ्यायचं ते तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून खुशी शांत झाली.

आधी नीतूला बरंच वाटलं. भात पुढं ठेवला की खायची. आंघोळीला रडत नव्हती. तीट लावताना एरवी मान फिरवणारी पोर गाल पुढं करून बसायची. शेजारची बाई म्हणाली, "काय गुनाची झाली वो तुई टुरी! आमच्या टिंकूले काय खाऊ घालू सांग."

बुधवारी नीतूनं तिला दवाखान्यात नेलं. ताप नाही, घसा साफ, वजन बरोबर. डॉक्टरीणबाई हसली. "लेकरू दंगा करते म्हणून आणतात माझ्याकडं. तुम्ही करत नाही म्हणून आणलं?"

नीतूही हसली. सातवीपर्यंतच शिकली असली तरी तिला कळत होतं, की लेकरं बदलतात. दात येतात, बोलायला लागतात, तशी शांतही होतात.

गुरुवारी तिनं खुशीच्या डाव्या पायात उरलेला बूट घातला. उगीच, पाहायचं म्हणून. खुशी उठली आणि आंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. बूट वाजला नाही.

नीतूनं तो काढून हातानं दाबला.

पीं.

परत घातला. खुशी परत चालली. आवाज नाही.

वजन कमी पडत असेल, नीतूनं स्वतःला सांगितलं. मग तिला डॉक्टरीणबाईचा काटा आठवला. वजन बरोबर होतं.

३

पुढच्या रविवारी दुर्गेश एकटाच वर गेला. आदल्या रविवारच्या फोटोत ढग हवे तसे आले नव्हते. त्याला तीच चौकट पुन्हा पाहिजे होती. दुपारी परत येऊन तो लॅपटॉप उघडून बसला, आणि थोड्या वेळानं म्हणाला, "कोनी गवतात लाल कपडा टाकून गेलं वाटते. फोटो खराब झाला माझा."

नीतू भाजी निवडत होती. ती हात न पुसता उठली.

मधल्या खडकाच्या अलीकडं लाल ठिपका होता. दुर्गेशनं फोटो मोठा केला. मग अजून मोठा. मग त्याचा हात थांबला.

लहान पोर होती ती. लाल स्वेटर, कॅमेऱ्याकडं पाठ. भोवतीचं गवत धुरासारखं पुसलेलं, पण तिचा एकेक केस वेगळा दिसत होता. चार मिनिटांत ती तसूभरही हलली नव्हती.

"गुराख्याची असंल," दुर्गेश म्हणाला.

"तुम्ही पाहिलं होतं तिले तिथं?"

"ध्यान नसंल माझं. मोबाईल पाहत होतो."

"चार मिनिटं उभी होती, आन तुम्हाले दिसली नाई?"

नीतू वाकून स्क्रीनजवळ गेली. गवत पायाशी विरळ होतं. पोरीचा डावा पाय अनवाणी होता. उजव्या पायात लाल बूट होता.

"असे बूट बाजारात ढिगानं भेटतात," दुर्गेश म्हणाला. पण त्यानं लॅपटॉप जरा जोरातच बंद केला.

मागं दारात खुशी उभी होती. कधी आली ते कळलं नव्हतं. ती त्या दोघांकडं पाहत नव्हती, बंद लॅपटॉपकडं पाहत होती.

४

तीन दिवस नीतूनं आपल्या मनाशी वाद घातला. स्वेटर लाल असतात. बूट ढिगानं मिळतात. पाठमोरी सगळी लेकरं सारखीच. रात्री मात्र ती खुशीच्या नाकाखाली बोट धरायची आणि तिथंच धरून ठेवायची. श्वास लागत होता. फक्त तो ऊनही नव्हता आणि थंडही नव्हता.

चौथ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती दुर्गेशला म्हणाली, "आंगणात कॅमेरा लावा. काळी काच लावून. आम्हा मायलेकीचा फोटो काढा."

"चार मिनिटं टुरी बसंल का जागी?"

"पहिलेची बसली नसती," नीतू म्हणाली. "आता बसते."

ती तुळशीजवळ पाट घेऊन बसली. खुशीला मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी कवटाळलं. दुर्गेशनं इशारा केला. कोंबड्या इकडून तिकडं गेल्या. खालच्या लाईनवरून एक गाडी गेली, पार बोगद्यात शिरेपर्यंत ऐकू आली. नीतूच्या नाकाला खाज सुटली, तिनं सोसली. मांडीवरची खुशी हलली नाही. इतकी हलली नाही, की मध्येच नीतूला वाटलं आपण पाण्यानं भरलेला गुंड घेऊन बसलो आहोत.

"झालं," दुर्गेश म्हणाला, आणि कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला पाहत राहिला.

"दाखवा."

"हलली असंल ते."

"दाखवा म्हनलं न!"

फोटोत तुळस होती. पाट होता. पाटावर नीतू होती, जरा पुसट, पण होती. तिचे दोन्ही हात छातीपुढं गोल वळलेले होते, आणि त्या हातांच्या मधून तिच्या लुगड्याची निळी फुलं स्वच्छ दिसत होती.

५

अनुसयाबाईला तिनं खरं सांगितलं ते चुलीपाशी, भाकरी थापता थापता, वर न पाहता. म्हातारीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"मले हाव कायले म्हनलीस?"

"भेव लागलं."

"झोपलं लेकरू म्हनजे अर्धं लेकरू. त्याले तर जास्तच बलावा लागते." ती रागावली नव्हती, त्याचीच नीतूला जास्त भीती वाटली. "उद्या सकाळी जाय. हिले घेऊन जाय. जिथं झोपली होती तिथून हाक मार, तीनदा. मंग सरळ उतर. आपल्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर पाय पडंपर्यंत मागं पाहायचं नाई. काही झालं तरी नाई. आयकलंस का?"

"आयकलं."

"काही आयकू आलं तरी."

"हाव."

दुर्गेश दारात उभा राहून ऐकत होता. एरवी तो अशा गोष्टींवर हसला असता. तो म्हणाला, "मी खालून पायवाटेवर कॅमेरा लावतो."

"काळी काच लावून," नीतू म्हणाली. "तिथं काही उरलं का, ते दिसलं पाहिजे."

६

सकाळी पठारावर धुकं नव्हतं. ऊन पडलं होतं, गवत वाळून कुरकुरीत झालं होतं. खुशी तिच्या खांद्यावर होती, जड, निमूट. वाटेत शालीकराम भेटला, गावचा गुराखी. पन्नाशीचा माणूस, कानाला मफलर बांधलेला. त्याच्या गाई मधल्या खडकाला लांबून वळसा घालून चरत होत्या.

"घेऊन जाऊन राहिली का वो टुरीले?" त्यानं विचारलं.

खुशी तर खांद्यावरच होती. नीतूला वाटलं, उतरायला निघाली असं त्याला वाटलं असेल.

"हाव, काका."

"बरं करतेस. थंडी वाढली आता," तो म्हणाला, आणि गाईंच्या मागं निघून गेला.

खडकापाशी ती उभी राहिली. खाली, वळणावर, दुर्गेशचा तीन पायांचा स्टँड काडीसारखा दिसत होता. त्यानं हात वर केला. कॅमेरा सुरू झाला होता.

"खुशी, चाल वो माय, घरी चाल."

वारा पडला.

"खुशी, चाल घरी."

खांद्यावरचं डोकं हललं नाही. पण कानाशी, अगदी कानाशी, खुशीचा आवाज आला. दहा-बारा दिवसांत ती पहिल्यांदा बोलत होती.

"तिले कायले बलावतेस?"

नीतूनं डोळे मिटले आणि तिसरी हाक मारली. ती ओरडली, खरं तर. "खुशी! चाल घरी!"

आणि वळून उतरायला लागली.

दहा-वीस पावलं काही नव्हतं. तिचाच श्वास, तिच्याच चपला. मग मागून आवाज आला.

पीं.

मग एक पाऊल बिनआवाजाचं. गवत तेवढं करकरलं.

पीं.

नीतूच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती हसतही होती. ये माय, ये, ती मनात म्हणत होती, तोंडानं बोलायची तिची हिंमत नव्हती. पीं. आणि मधलं मुकं पाऊल. पीं. तिनं चाल हळू केली, लहान पायांना जमावी एवढी. उतार सुरू झाला. समोर खाली आपल्या बांध्या दिसत होत्या, कापलेल्या धानाची खुंटं, आणि शेताच्या कडेचा धुरा, दोनशे पावलांवर. खांद्यावरचं ओझं वाढत होतं. खुशीनं, जी कोणी खांद्यावर होती तिनं, तिच्या मानेला घट्ट मिठी मारली होती.

धोंड्यांच्या उतरणीवर मागचा आवाज घाईला आला. पीं, पीं. मग घसरल्याचा, खडे गडगडल्याचा आवाज. आणि मग रडू.

ते खुशीचं रडू होतं. कोणत्याही लेकराचं नव्हे. गुडघा फुटला की आधी श्वास कोंडून ठेवून मग फुटणारं, ज्यात 'आई'मधला 'आ' कितीतरी लांब जायचा, ते.

"आई, ते पडली," खांद्यावरून शांत आवाज आला.

नीतूनं मागं पाहिलं.

दोन श्वास, तेवढाच वेळ. धोंड्यांमध्ये गवत हलत होतं. गवताच्या वर एक छोटा हात आला होता, उचलून घे म्हणताना लेकरं करतात तसा. मनगटात काळ्या मण्यांची मनगटी होती, नीतूनं स्वतः ओवलेली. बोटं उघडली. मिटली.

मग खालून गाडीचा भोंगा वाजला, आणि तिथं नुसतं गवत होतं.

ती धावत परत वर गेली नाही. जावं असं तिला वाटलं होतं, सगळ्या अंगाला वाटलं होतं. पण पाय खालीच चालत राहिले, आणि धुऱ्यावर पाय पडला तेव्हा मागं कुठलाच आवाज नव्हता.

७

दुर्गेशनं फोटो संध्याकाळपर्यंत दाखवला नाही. तिनंच लॅपटॉप उघडून घेतला.

गवत धुरासारखं. पायवाट पांढरी. उतरणारी नीतू नव्हती, ती हलत होती, ती पुसून जाणारच होती. पण धोंड्यांपाशी एक बाई उकिडवी बसली होती. निळ्या फुलांचं लुगडं, पदराचा काठसुद्धा वेगळा दिसावा इतकी स्पष्ट. तिच्या मिठीत लाल स्वेटर घातलेली पोर होती आणि तिनं त्या पोरीच्या केसांत तोंड खुपसलं होतं. चारही मिनिटं. जराही न हलता.

"तू तर उतरून राहिली होतीस," दुर्गेश म्हणाला. "मी पाहून राहिलो होतो न तुले! तू कुठंच बसली नाईस!"

"नाई बसली," नीतू म्हणाली.

अनुसयाबाई भिंतीला टेकून उभी होती. तिनं फोटो पाहिला नाही, सुनेकडं पाहिलं. मग खालच्या आवाजात विचारलं, "टुरीले बलावलंस. तुले कोनं बलावलं, बाई?"

त्या रात्री नीतू एकदाही उठली नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला सलग झोप लागली. सकाळी ती आंगणात पाटावर बसली, खुशीला मांडीवर घेऊन. दूध उतू गेल्याचा वास आला. गेलं. पायाशी कोंबडी आली, तिच्या पावलावर चढली, उतरली. ऊन तुळशीवरून पाटावर आलं, पाटावरून भिंतीवर गेलं.

रोजची ती छातीतली धडधड तिनं शोधून पाहिली. जीभ पडलेल्या दाताची जागा शोधते तशी. तिथं काही नव्हतं. ती वर राहिली होती, थंडीत, पोरीला धरून. पोर तिथं एकटी नव्हती, एवढं तिला आठवत होतं, आणि ते चांगलं आहे हेही आठवत होतं.

दुर्गेश रात्रभर जागा होता. तो चपला घालून, कॅमेरा न घेता, तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे डोळे सुजले होते.

"मी जाऊन येतो वर," तो म्हणाला. "दोघीयले हाक मारून घेऊन येतो. नीतू? आयकून राहिली का? मी तुले बलावून आनतो."

नीतूनं त्याच्याकडं पाहिलं. मांडीवरच्या खुशीनंही मान वर केली, अगदी त्याच वेळी.

"तिले कायले बलावता?" नीतू म्हणाली.